आईचे दूध आणि वर्णभेद : अमेरिकेतील कृष्णवर्णीय मातांची चळवळ

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आंबेडकरी तरुणांचे नाते जुने आहे. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, ब्लॅक पँथर ही नावे आपल्या अभ्यासवर्गांत, पोस्टरांवर आणि भाषणांत नेहमी येतात. मात्र त्याच समाजातील स्त्रियांनी बाळंतपण, आईचा जीव आणि बाळाचे दूध या प्रश्नांवर उभी केलेली चळवळ आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. अभ्यासवर्ग घेणाऱ्या आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हाताशी असावी म्हणून तिची माहिती आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कृष्णवर्णीय आई बाळंतपणात जास्त मरते आणि तिच्या बाळाला आईचे दूध कमी मिळते, याचे कारण तिच्या शरीरात नाही आणि तिच्या अज्ञानातही नाही. कारण व्यवस्थेत आहे. दवाखाना, बाजार, नोकरी आणि इतिहास या चारही ठिकाणी ते दाखवता येते.

'विमेन ऑफ कलर' म्हणजे कोण?

हा शब्द कातडीच्या रंगाचे नुसते वर्णन नाही. १९७७ साली ह्यूस्टन येथे अमेरिकेतील राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. कृष्णवर्णीय स्त्रियांनी तेथे आपल्या मागण्यांचा मसुदा नेला. लॅटिन अमेरिकी, आशियाई आणि मूलनिवासी स्त्रियांनीही त्यात सामील होण्याची इच्छा दाखवली आणि त्या एकजुटीसाठी हा शब्द पुढे आला, असे ज्येष्ठ कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. म्हणजे तो बाहेरून चिकटवलेला शिक्का नसून आपण होऊन स्वीकारलेली राजकीय ओळख आहे. 'दलित' या शब्दाचा प्रवास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या ओळखीत सगळ्यांची स्थिती सारखी नाही, हेही लक्षात ठेवावे. आशियाई आणि लॅटिन स्त्रियांमधील मातामृत्यूचे प्रमाण सरासरीने गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी दिसते. कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी स्त्रियांमध्ये ते बरेच जास्त आहे. त्यामुळे या लेखाचा भर कृष्णवर्णीय मातांवर आहे.

आकडे काय सांगतात

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, आकडेवारी सर्वांसाठी खुली आहे. त्यातील काही ठळक नोंदी :

- २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण २६.६ होते.
- २०२३ मध्ये गोऱ्या मातांचे प्रमाण १४.५ पर्यंत खाली आले. कृष्णवर्णीय मातांचे ५०.३ राहिले. मृत्यू कमी झाले, पण दरी वाढली. कोविडकाळात अडीच पटींहून थोडी अधिक असलेली तफावत २०२३ मध्ये जवळपास साडेतीन पट झाली.
- २०२२ मध्ये एक हजार जन्मांमागे सुमारे ११ कृष्णवर्णीय बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. गोऱ्या बालकांमध्ये हे प्रमाण साडेचारच्या आसपास होते.
- २०१९ मध्ये जन्मलेल्या बाळांपैकी ज्यांना आईचे दूध सुरू झाले, त्यांचे प्रमाण आशियाई मातांत ९०.३ टक्के, गोऱ्या मातांत ८५.५ टक्के आणि कृष्णवर्णीय मातांत ७३.६ टक्के होते.
- गर्भारपण व बाळंतपणाशी संबंधित मृत्यूंपैकी पाचात चारांहून अधिक मृत्यू टाळता आले असते, असे राज्यांच्या चौकशी समित्यांचा २०१७ ते २०१९ चा आढावा सांगतो. यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर सात दिवस ते एक वर्ष या काळात झाले होते.

शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. बाळंतपण पार पडले, आई घरी आली, आता धोका टळला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात रक्तदाब, हृदयविकार, रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग आणि मानसिक आजार हे धोके घरी आल्यावरही असतात. स्तनपानाचा काळही हाच. म्हणून ही चळवळ आईचे दूध आणि आईचा जीव हे एकाच प्रश्नाचे दोन भाग मानते. बाळाला दूध नीट मिळते का हे पाहायला जी ताई घरी जाते, तिलाच आईच्या पायाची सूज आणि डोकेदुखीही आधी दिसते.

शिक्षणाने दरी मिटते का?

या आकड्यांवर लगेच एक उत्तर दिले जाते : 'गरीब असतील, शिकलेल्या नसतील.' सीडीसीने २०१९ मध्ये याचा हिशेब मांडला. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीचा गर्भारपणाशी संबंधित मृत्यूचा धोका पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या पाच पटींहून जास्त निघाला. त्याहून धक्कादायक म्हणजे, शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षाही पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला धोका अधिक होता.

टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांचा अनुभव जगाला माहीत आहे. २०१७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर त्यांना श्वास घेता येईना. फुप्फुसात रक्ताची गुठळी असावी हे त्यांनी स्वतःच ओळखले, कारण तो त्रास त्यांना पूर्वी झाला होता. तपासणीचा आग्रहही त्यांनाच धरावा लागला, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी सीडीसीमध्येच काम करणारी ३६ वर्षांची एक कृष्णवर्णीय साथरोगतज्ज्ञ बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत वारली. समाजातील विषमतेमुळे माणसे आजारी कशी पडतात, हाच तिच्या अभ्यासाचा विषय होता.

याची दोन स्पष्टीकरणे अभ्यासक देतात. पहिले, वेदनेवर विश्वास न ठेवणे. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी 'काळ्या माणसाची कातडी जाड असते' यांसारख्या खोट्या समजुतींपैकी किमान एक खरी मानली. दुसरे, शरीराची झीज. लोकआरोग्य अभ्यासक अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडले की, आयुष्यभर अपमान, असुरक्षितता आणि ताण सोसणाऱ्या शरीराचे वय कागदावरच्या वयापेक्षा लवकर वाढते. अशा वेळी तिशीतल्या बाईचे हृदय व रक्तवाहिन्या अधिक थकलेल्या असू शकतात.

शिक्षण हाच मुक्तीचा मार्ग असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. पण एकेकट्या शिक्षणाने दवाखान्याच्या खाटेवरची वागणूक बदलत नाही, हे या आकड्यांतून दिसते. 'शिका' नंतर 'संघटित व्हा' आणि 'संघर्ष करा' का येते, याचे हे एक ठोस उदाहरण आहे.

इतिहास : दूध कोणाचे, बाळ कोणाचे

१६६२ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीने कायदा केला की, मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. आई गुलाम, तर मूलही गुलाम. बाप मळ्याचा मालक असला तरी फरक पडत नव्हता. गुलाम स्त्रीचे गर्भाशय अशा रीतीने मालकाच्या मालमत्तेचा भाग झाले. अनेक मळ्यांवर बाळंत झालेल्या गुलाम स्त्रीला मालकिणीच्या बाळाला अंगावर पाजावे लागे आणि तिचे स्वतःचे बाळ अर्धपोटी राही. काही दिवसांत तिला पुन्हा शेतावर जावे लागे. स्तनपान ही कृष्णवर्णीय समाजात केवळ आनंदाची आठवण नाही. तिच्यामागे ही सक्ती आहे. 'ते गुलामांचे काम' म्हणून अंगावर पाजणे टाळावे, ही भावना काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, असे या चळवळीतील कार्यकर्त्या सांगतात.

वैद्यकशास्त्रावरील अविश्वासालाही इतिहास आहे. ज्यांना आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हटले गेले, त्या जे. मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अलाबामातील माँटगोमेरी येथे गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करून आपले तंत्र बसवले. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांपैकी तिघींची नावे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. २०२१ मध्ये कलावंत मिशेल ब्राउडर यांनी माँटगोमेरीत या तिन्ही स्त्रियांची शिल्पे उभी केली.

गुलामगिरीनंतर दक्षिणेत बाळंतपणे करत होत्या त्या कृष्णवर्णीय सुइणी. लोक त्यांना आजीबाईच्या मानाने 'ग्रॅनी मिडवाइफ' म्हणत. त्या गरीब गोऱ्यांचीही बाळंतपणे करत, बाळाला छातीशी लावून देत, नंतर दिवसेंदिवस घरी येऊन पाहात. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर त्यांचे प्रशिक्षण आणि नोंदणी सुरू झाली. पुढे हीच नोंदणी त्यांना बाजूला सारण्याचे साधन बनली. १९७० च्या दशकात अलाबामासारख्या राज्यांनी त्यांचे काम बंद केले. बाळंतपण रुग्णालयात गेले याचे फायदे झालेच. पण रुग्णालयाने सुईणीची जागा घेतली, तिचे घरी येणे आणि तिची माया मात्र घेतली नाही.

मग बाजार आला. १९४६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रीड्सव्हिल येथे एका कृष्णवर्णीय कूळ शेतकऱ्याच्या घरी चार एकसारख्या मुली जन्मल्या. या फुल्ट्झ भगिनी. त्यांची आई मूकबधिर होती. प्रसूती करणाऱ्या गोऱ्या डॉक्टरने मुलींची नावे आपल्या घरातील स्त्रियांवरून ठेवली आणि त्यांच्या प्रसिद्धीचे हक्क 'पेट मिल्क' या डब्याचे दूध विकणाऱ्या कंपनीला मिळवून दिले. कृष्णवर्णीय वाचकांच्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत या मुलींच्या छायाचित्रांसह जाहिराती झळकल्या. कंपनीला नवी बाजारपेठ मिळाली, कुटुंबाची गरिबी मात्र संपली नाही. कायद्याच्या अभ्यासक अँड्रिया फ्रीमन यांनी 'स्किम्ड' या पुस्तकात ही हकिकत सविस्तर मांडली आहे.

दूध 'येत नाही' म्हणजे काय होते?

आता शरीराचे साधे गणित पाहू, कारण येथेच आईला दोष देण्याची सुरुवात होते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. पहिल्या तासात बाळ छातीशी लागले, चीक मिळाला, रात्री बाळ आईजवळ राहिले आणि मागेल तेव्हा पाजले, तर बहुतेक मातांना पुरेसे दूध येते. पहिल्याच दिवशी वैद्यकीय गरज नसताना बाटली दिली, तर बाळ पोटभर झोपते, छातीला ओढ कमी मिळते आणि दूध कमी बनते. मग आणखी बाटली. आठवड्याभराने आई म्हणते, 'मला दूधच येत नाही.' तिचे म्हणणे खोटे नसते. पण त्याची सुरुवात तिच्या शरीरातून झालेली नसते.

कोणत्या दवाखान्यात काय होते, हे वस्तीवर अवलंबून असते. सीडीसीने २०१४ मध्ये दाखवले की, ज्या भागांत कृष्णवर्णीयांची वस्ती १२.२ टक्क्यांहून अधिक आहे, तेथील रुग्णालयांत वेळेवर पहिले स्तनपान सुरू करून देण्याचे प्रमाण ४६ टक्के होते, तर इतर भागांत सुमारे ६० टक्के. आई व बाळ एकत्र ठेवण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्के, तर इतरत्र ३९ टक्के. गरजेशिवाय वरचे दूध न देण्याचा नियम पाळणारी रुग्णालये १३ टक्के, तर इतरत्र २६ टक्के. निवड करायची वेळ आईवर येण्याआधीच बरेच काही ठरलेले असते.

यात आणखी अडचणी मिळतात :

- अपुऱ्या दिवसांची बाळे. कृष्णवर्णीय मातांमध्ये वेळेआधी बाळंतपणाचे प्रमाण जास्त आहे. बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसरीकडे, अशा वेळी दूध काढून द्यावे लागते. त्यासाठी पंप, जागा आणि शिकवणारे माणूस लागते. अशा बाळांना आतड्याच्या गंभीर आजारापासून आईचे दूध वाचवते, म्हणजे ज्यांना ते सर्वांत आवश्यक, त्यांनाच ते मिळणे सर्वांत कठीण.
- पुस्तकातील गोरी कातडी. छातीत गाठ होऊन सूज व ताप आला, तर 'लालसरपणा पाहा' असे पाठ्यपुस्तके सांगतात. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. मग हात लावून, ऊब तपासून, आईला विचारून निदान करावे लागते. न विचारल्यास ते राहून जाते.
- सरकारी योजना. गरीब माता-बालकांसाठीची 'विक' ही पोषण योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिने लाखो मुलांना अन्न दिले. पण देशात विकल्या जाणाऱ्या पावडरच्या दुधापैकी निम्म्याहून अधिक दूध याच योजनेतून जाते. २००९ पासून अंगावर पाजणाऱ्या मातांचा शिधा वाढवण्यात आला. २०२२ मध्ये ॲबट कंपनीचा मिशिगनमधील कारखाना बंद पडताच देशभर टंचाई झाली आणि ठरावीक कंपनीच्याच डब्याशी बांधलेल्या गरीब मातांची सर्वाधिक धावपळ झाली.
- नोकरी. अमेरिकेत देशव्यापी पगारी बाळंतपणाची रजा आजही नाही. १९९३ चा कायदा १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. खासगी क्षेत्रात तो ५० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच लागू होतो. तासावर पगार घेणाऱ्या, दुकानात, स्वयंपाकघरात, वृद्धसेवेत राबणाऱ्या बाईला बिनपगारी रजा परवडत नाही.

आपल्याकडे रायगडाच्या हिरकणीची गोष्ट प्रत्येक मुलाला सांगितली जाते. तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरून गेली, म्हणून आपण तिचे कौतुक करतो. कौतुक योग्यच आहे. पण आईला बाळापर्यंत पोहोचण्यासाठी कडा उतरावा लागू नये, दरवाजा उघडा असावा, ही मागणी करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया नेमके तेच करत आहेत.

स्त्रियांनी उभे केलेले काम

ब्लॅक पँथर पक्ष आपल्याला बंदूक आणि काळ्या जाकिटामुळे आठवतो. याच पक्षाने १९६९ पासून मुलांसाठी मोफत न्याहारी आणि पुढे मोफत दवाखाने चालवले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने त्यांचे नाव घेतले. त्यांच्या कामाची ही बाजू आपण पुरेशी घेतली का, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

१९९४ मध्ये शिकागो येथे बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'प्रजनन न्याय' ही संकल्पना मांडली. मूल होऊ न देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क आणि झालेले मूल सुरक्षित परिसरात वाढवण्याचा हक्क, हे तीन एकत्र. १९९७ मध्ये 'सिस्टरसाँग' ही विविध वर्णांच्या स्त्रियांच्या संघटनांची आघाडी उभी राहिली.

स्तनपानावर थेट काम करणाऱ्यांत डेट्रॉइटमधील 'ब्लॅक मदर्स ब्रेस्टफीडिंग असोसिएशन' आणि जॉर्जियातील 'रोझ' या संस्था महत्त्वाच्या आहेत. २०१३ मध्ये किंबर्ली सील्स ॲलर्स, किडाडा ग्रीन आणि अनाया सांगोडेले-अयोका या तिघींनी 'कृष्णवर्णीय स्तनपान सप्ताह' सुरू केला. तो दरवर्षी २५ ते ३१ ऑगस्टला असतो. जागतिक सप्ताह १ ते ७ ऑगस्टला असताना वेगळा कशाला, असा प्रश्न त्यांना लगेच विचारला गेला. त्यांचे उत्तर सरळ होते : आमची बाळे जास्त मरतात, आमच्यात सल्लागार कमी आहेत आणि सर्वसाधारण प्रचारात आमचे चेहरे नाहीत. 'वेगळे कशाला' हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. 'ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स' ही आघाडी २०१८ पासून ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय मातृआरोग्य सप्ताह पाळते. त्याचा शेवटचा टप्पा १४ एप्रिल ओलांडून जातो, म्हणजे आपल्या जयंतीच्याच आठवड्यात हा कार्यक्रम असतो.

या संस्थांचे काम तीन पातळ्यांवर चालते. पहिली, आईला आईचा आधार. ज्या बाईने पाजले आहे ती नव्या आईला फोन करते, घरी जाते, बाळ छातीला कसे धरायचे ते दाखवते. दुसरी, 'डूला', म्हणजे बाळंतपणात सोबत राहणारी प्रशिक्षित बाई. ती औषध देत नाही, पण कळा सोसणाऱ्या बाईजवळ बसते आणि तिचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवते. सतत सोबत मिळाल्यास सिझेरियन कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. तिसरी, आपल्या समाजातील मुलींना परिचारिका, सुईण आणि स्तनपान सल्लागार बनवणे.

कायद्यात काय मिळाले

दबावाचा परिणाम झाला. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने 'मेडिकेड' या गरिबांच्या आरोग्यविम्याचे बाळंतपणानंतरचे संरक्षण ६० दिवसांवरून १२ महिन्यांपर्यंत नेण्याची मुभा राज्यांना दिली. बहुतेक सर्व राज्यांनी ती घेतली. अनेक राज्ये आता डूलाचे मानधन याच विम्यातून देतात. डिसेंबर २०२२ च्या 'पंप' कायद्याने कामावर दूध काढण्यासाठी विश्रांतीचा वेळ आणि स्वच्छतागृहाव्यतिरिक्त आडोशाची जागा मिळण्याचा हक्क आणखी लाखो स्त्रियांपर्यंत नेला. लॉरेन अंडरवुड आणि अल्मा ॲडम्स या कृष्णवर्णीय खासदारांनी मांडलेल्या मातृआरोग्य विधेयकांच्या संचापैकी माजी सैनिक मातांविषयीचे विधेयक २०२१ मध्ये कायदा बनले. बाकीचा संच रखडला. पगारी रजेचा प्रश्न तर तसाच आहे.

बाबासाहेब, डू बॉइस आणि आपण

हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. त्याच्या दहा वर्षे आधी सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी गर्भवती विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०६ मध्ये संपादित केलेल्या आरोग्यविषयक अभ्यासात मांडले की, काळ्या माणसाचा वाढीव मृत्युदर वंशामुळे नसून राहणीमान आणि गरिबीमुळे आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा १८९९ मध्ये अटलांटात घटसर्पाने गेला, तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. बाबासाहेब आणि माता रमाई यांनीही चार मुले गमावली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि ३१ जुलैला त्यांचे उत्तर आले. दोन पीडित समाजांच्या साम्याची ही नोंद आपण जपतो. दोघांच्या घरातील हे रिकामे पाळणेही त्या साम्याचाच भाग आहेत.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमातून नफा घेणारा मालकही त्यातून सुटता कामा नये. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला आणि तो फेटाळला गेला. मूल होऊ देण्याचा व न देण्याचा, असे दोन्ही हक्क आपल्या परंपरेत शिकागोच्या बैठकीच्या कितीतरी आधी एकत्र आले होते.

आज संघटित क्षेत्रातील भारतीय स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. अमेरिकेपेक्षा हे पुढचे पाऊल आहे. पण घरकाम, कचरावेचणी, बांधकाम, ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला ही रजा कोण देतो? ऊसतोडीत एक दिवस चुकला तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेने २०१८ च्या अहवालात दाखवले की, दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे.

कार्यकर्त्यांसाठी

- आईला दोष देऊ नका. 'दूध का पाजत नाहीस' असे विचारण्याआधी तिला रजा किती मिळाली, दवाखान्यात पहिल्या दिवशी काय दिले गेले, घरी कोण आहे हे विचारा. काही आजारांत व औषधोपचारांत वरचे दूध लागतेच. त्याची तिला लाज वाटू नये.
- मूळ सल्ला लक्षात ठेवा. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर पूरक आहारासह दोन वर्षे व पुढे. ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. यामुळे बाळाचे जुलाब व संसर्ग कमी होतातच, शिवाय आईचा स्तनाच्या व बीजकोषाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो.
- बाळंतपणानंतरची धोक्याची लक्षणे पाठ करा. न थांबणारी तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, धाप, छातीत दुखणे, एका पायाला सूज व वेदना, ताप, खूप रक्तस्राव, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नका, दवाखान्यात न्या आणि 'ही बाळंतीण आहे' हे आधी सांगा.
- कायदा वापरा. १९८१ मध्ये बालआहाराच्या जाहिरातबाजीवरील आंतरराष्ट्रीय संहितेला विरोध करणारा अमेरिका हा एकमेव देश होता. भारताने मात्र १९९२ मध्ये कायदा करून अशा जाहिराती, मोफत नमुने आणि भेटवस्तू यांवर बंदी घातली. दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात असा प्रचार दिसला तर लेखी तक्रार करा.
- विहाराचा उपयोग करा. आठवड्यातून एक दुपार गर्भवती आणि बाळंतिणींसाठी ठेवा. आशाताईंना बोलवा. वस्तीतील अनुभवी आयांची नव्या आयांशी गाठ घालून द्या. डेट्रॉइटमध्येही काम आयांच्या अशाच मंडळांतून चालते.
- सोबत जा. दवाखान्यात एकटीला पाठवू नका. तिचे म्हणणे ऐकले जात नसेल, तर शांतपणे पण ठामपणे पुन्हा सांगणारे माणूस तिच्याजवळ हवे.
- आपल्या मुलींना या क्षेत्रात पाठवा. परिचारिका, प्रसूतितज्ज्ञ, समुपदेशक या जागांवर आपली माणसे असणे हाही प्रतिनिधित्वाचाच प्रश्न आहे.

येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यान आणि मिरवणुकीबरोबर वस्तीतील बाळंतिणींची एक यादीही तयार व्हावी, असे आम्हाला वाटते. कोण कामावर परत गेली, कोणाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, कोणाला तपासणीला जायला सोबत नाही, एवढी माहिती त्या यादीत असली तरी कामाची सुरुवात होते.